खळ्याचा उतार

आमचे घरमालक उतारावर लॉरीचं इंजिन बंद करीत. रत्नागिरीत त्यांच्या घरी मी सहा वर्षं भाड्यानं राहिलो. त्या सहा वर्षांत त्यांच्या शेजारी बसून मी किती उतार उतरलो हे मला नेमकं सांगता येतं, कारण मी ते मोजत असे. मोजलं की भीती कमी होते अशी माझी समजूत होती. एकूण चौऱ्याऐंशी उतार झाले. चौऱ्याऐंशीव्या उतारावर भीती पहिल्याइतकीच होती.

इंजिन बंद झालं की आधी एकदम शांत वाटे. मग वारा ऐकू येई, मग चाकांखालची खडी, मग मागे रचलेल्या मंगलोरी कौलांचा खणखणाट. लॉरी वेग घेऊ लागे. एका हाताला डोंगर, दुसऱ्या हाताला दरी, आणि मालक मान किंचित वाकडी करून, गाणं ऐकावं तसे ऐकत असत.

"ऐकलंत मोजणीदार? काहीसुद्धा जळत नाही."

"ब्रेक दाबा हो काका."

"दाबून थांबवायची, आणि मग परत पेट्रोल जाळून पळवायची? कोणी शिकवलंन् तुम्हाला?"

मी मोजणी खात्यात कारकून होतो, म्हणून ते मला मोजणीदार म्हणत. आधी ते चिडवणं होतं. पुढं तेच नाव पडलं.

माणूस कंजूष मुळीच नव्हता. आंब्याच्या दिवसांत रस्त्यावरून जाणाऱ्याला हाक मारून ओटीवर बसवीत आणि पायरीचे दोन-चार आंबे खाऊ घातल्याशिवाय उठू देत नसत. बाग होती, घर होतं, मुंबईच्या दोन्ही मुलांचं बरं चाललं होतं. लॉरी चालवायची त्यांना काहीच गरज नव्हती. कोल्हापूरकडच्या कुणाकडून ती जुनी, उघड्या पाठीची लॉरी त्यांनी घेतली आणि बंदरावरून कौलं उचलून आतल्या गावांना पोचवू लागले. येताना देवरुखकडचं भात आणीत. त्यांना वेड होतं ते फक्त पेट्रोलचं. पेट्रोलची किंमत त्यांच्या तोंडून मी कधी ऐकली नाही. त्यांचं म्हणणं निराळं होतं.

"जळलं ते चाललं पाहिजे," ते म्हणत. "एक थेंब जळला तर गाडी एका थेंबाइतकी पुढं गेली पाहिजे. जळला आणि गाडी जागच्या जागी, म्हणजे तो थेंब आपण मारला."

या एका वाक्यापायी त्यांनी त्या लॉरीचं काय काय काढून टाकलं होतं! बसायच्या जागेवरचा टप काढला, डाव्या बाजूचं दार काढलं, चारी मडगार्डं काढली. भोंगा काढला आणि त्याऐवजी वळणावर स्वतः "हो हो हो हो" असं ओरडत. पावसाळ्यात बाहेरून आले की चाकं आणि खालचा भाग खरवडून तो तांबडा चिखल टोपलीत घालून तोलत. एकदा साडेतीन शेर भरला. टोपली घेऊन ते माझ्या खोलीच्या दारात आले. त्यांचा चेहरा रडवेला झाला होता. "हा पाहुणा फुकट बसून आला हो लांज्यापासून!" गाडीत बसणाऱ्याचं वजन ते नजरेनं करीत. मी दीड मणाला दोन शेर कमी होतो. माझ्या बायकोनं पहिल्या दिवशी डब्यात लाडू भरून दिले, तर म्हणाले, "सूनबाई, हे त्याला इथंच खायला घाल... नको, खाल्ले तरी वजन तेच."

यात हसण्यासारखं पुष्कळ होतं. पण दोन गोष्टींना मी कधी हसलो नाही. एक म्हणजे ब्रेक. ब्रेक चाकाला घासतो, घासतो म्हणजे पेट्रोल खातो, म्हणून त्यांनी ते इतके सैल ठेवले होते की पाय पूर्ण दाबला तरी लॉरी आधी विचार करी आणि मग थांबे. दुसरी म्हणजे टाकी. टाकीत ते जरुरीपेक्षा पाव गॅलनही जास्त ठेवीत नसत. "पेट्रोल वाहायलाही पेट्रोल लागतं," असा त्यांचा हिशेब. त्या जातीच्या लॉरीत टाकी सीटखाली असे आणि इंजिन पुढं. चढणीवर नाक वर गेलं, आणि टाकीत थोडंच असलं, की पेट्रोल पुढं पोचत नसे. इंजिन खोकून बंद पडे. दुसरा कुणी असता तर त्यानं टाकी भरून घेतली असती. हे लॉरी वळवून तिचं तोंड उताराकडे करीत आणि सारी चढण उलटी चढत. मग पेट्रोल आपोआप इंजिनाकडे येई. बावनदीनंतरची निवळीची चढण त्यांनी उलटी चढली की गुराखी लांबूनच ओरडत, "इलो रे इलो, खेकडा इलो!" मालक मान मागं वळवून, एका हातानं चक्र धरून, दुसरा हात त्यांना हलवून दाखवीत. तो दुसरा हातही चक्रावर असावा असं मला वाटे.

त्यांना माझी ओढ होती ती माझ्या आकड्यांमुळे. टाकीत किती आहे हे बघायला त्यांच्याकडे एक वेडीवाकडी काठी होती, तिच्यावर अंदाजानं दोन रेघा मारलेल्या. ते मला बघवेना. एका रविवारी मी बांबूची सरळ पट्टी तासून घेतली. लॉरी नेहमीच्या जागी, घरापुढच्या अंगणात म्हणजे खळ्यात, घराला लागून उभी होती. टाकी पूर्ण रिकामी केली. पाव गॅलनच्या मापानं एकेक माप ओतायचं, हलणं थांबेपर्यंत वाट पाहायची, पट्टी सरळ बुडवायची, ओल जिथवर आली तिथं चाकूनं खाच पाडायची. पाच गॅलनपर्यंत वीस खाचा झाल्या. मालक सगळा वेळ हात मागं बांधून उभे होते. शेवटची खाच पडल्यावर त्यांनी पट्टी दोन्ही हातांत घेतली आणि शेजाऱ्यांना हाका मारून दाखवली. "आता कुणी अंदाज सांगायचा नाही. मोजणी खात्याची काठी आहे ही."

त्या काठीनं आम्ही पुढं खूप काम केलं. निघताना खळ्यात बुडवायची, आल्यावर खळ्यात बुडवायची, मैल माझ्या वहीत. कार्बरेटरचा खिळा केसभर फिरवायचा, इंजिन खोकलं की अर्धा केस मागं. "उपाशी ठेवायची, मारायची नाही," असं ते पुटपुटत. धूर निघे तिथं ते पांढरं फडकं धरीत आणि फडकं काळं झालं तर दिवसभर जेवत नसत. गॅलनला पंधरा मैल चालणारी लॉरी दोन वर्षांत एकोणीस मैलांवर आली. ते एकोणीस मी वहीत लिहिलं तेव्हा त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मलाही अभिमान वाटला, हे खोटं कशाला सांगू.

माघ महिन्यात माझी बायको पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी गेली होती. देवरुखच्या पलीकडे दोन मैलांवर तिचं गाव. एका सकाळी देवरुखहून येणाऱ्या सर्व्हिस मोटारीच्या ड्रायव्हरनं मला सासऱ्यांची चिठ्ठी आणून दिली. चार ओळी होत्या. मुलगी काल दुपारपासून अडली आहे. सुईण म्हणते माझ्या हातचं राहिलं नाही. वाहन घेऊन ताबडतोब या, इस्पितळात न्यावी लागेल.

मी चिठ्ठी मालकांना वाचून दाखवली. वाचून होईपर्यंत त्यांनी पायांतल्या वहाणा काढून ओटीवर ठेवल्या होत्या. निघायची तयारी म्हणजे तेवढीच. पट्टी बुडवली. सवाचार गॅलन.

"जाऊन येऊन शहात्तर मैल," मी म्हणालो. "एकोणिसानं चार."

"पाव सूनबाईसाठी वर आहे. चला."

जाताना मी त्यांना एकाही उतारावर इंजिन बंद करू दिलं नाही. वेळ जाईल असं मला वाटलं. त्यांनी ऐकलं. लॉरी पळवली. दुपारी एकच्या सुमारास पोचलो.

बायकोला मी पाहिलं तेव्हा तिनं मला ओळखलं, पण हाक मारली नाही. तिच्यात तेवढं त्राण नव्हतं. लॉरीच्या पाठीत पेंढा आणि त्यावर गाद्या घालून तिला निजवलं. सासूबाई उशाशी बसल्या. निघण्यापूर्वी मालकांनी पट्टी बुडवली आणि उन्हात धरली.

"सवादोन," ते म्हणाले. मग पुन्हा बुडवली. "सवादोनच. मोजणीदार, आपण पळवली आज. मला हे जास्त वाटतंय."

"दोन लागतील. सवादोन आहेत."

"मन म्हणतंय कमी आहे."

"काका, खाच मी पाडली आहे."

त्यांनी पट्टी पुसून ठेवली आणि लॉरी सुरू केली. संगमेश्वरात पेट्रोलचे डबे ठेवणारं एक दुकान होतं. त्याला दुपारचं कुलूप होतं. मालकांनी लॉरी हळू केली. आयुष्यात पहिल्यांदा तो माणूस जादा पेट्रोल घ्यायचं म्हणत होता.

"दुकानदार नदीपलीकडे राहतो. बोलावून आणायला अर्धा तास. घेऊ डबा?"

मागून बायकोचा कण्हण्याचा आवाज आला. सासूबाई ओरडल्या, "थांबलात कशाला? चला ना!"

मी वही उघडली, पुन्हा भागाकार केला. आकडा तोच आला. "नको," मी म्हणालो. "पुरेल."

बावनदीचा पूल ओलांडला. निवळीच्या पायथ्याशी मालकांनी लॉरी वळवली आणि तिचं तोंड आल्या वाटेकडे केलं. सासूबाई घाबरून उठल्याच. "अगो बाई, परत कुठं नेताय? देवरुखास?"

"पाठमोरी जाऊ वैनी, पण रत्नागिरीसच जाऊ. तिचं डोकं धरून बसा."

मी खाली उतरलो. ब्रेकवर माझा विश्वास नव्हता, म्हणून जांभ्याचा एक चिरा उचलून पुढच्या चाकाबरोबर चालू लागलो. लॉरी उलटी, पाठ वर आणि तोंड खाली, अशी चढू लागली. पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्या वळणावर, जिथं दरी अगदी चाकाला लागून आहे, तिथं इंजिन खोकलं.

उलट्या चढणीवर खोकणं म्हणजे टाकीचा तळ. हे मला कळत होतं आणि कळून घ्यायचं नव्हतं.

पुन्हा खोकलं आणि बंद पडलं. "दगड!" मालक ओरडले. त्यांनी पाय पूर्ण दाबला होता. लॉरी आधी विचार करत होती. ती वीतभर खाली सरकली, मग हातभर. मी चिरा चाकापुढं टाकला. जांभा ठिसूळ. त्याचा कोपरा फुटला, चाक त्यावर चढलं, आणि मला लॉरीच्या पाठीतला एक पाय दिसला, माझ्या बायकोचा, गादीबाहेर आलेला, त्यात जोडवं होतं. मी फुटक्या चिऱ्याला दोन्ही हातांनी आत रेटलं. माझे हात चाकाखाली जातील असं त्या वेळी मनातही आलं नाही. लॉरी थांबली. दरीच्या काठाकडे चाकापासून किती अंतर राहिलं होतं ते मला माहीत आहे. ते मी घरी कधी सांगितलेलं नाही.

मालकांनी पट्टी बुडवली. टोक तेवढं ओलं झालं. त्यांनी ती माझ्याकडे वळवून धरली.

"असं होणार नाही," मी म्हणालो. मला आठवतं, मी हेच म्हणालो. "हिशेबात असं होणार नाही."

"हिशेब नंतर. वर पोचण्याइतकं आहे. तुम्ही चाकापाशी राहा."

इंजिन पुन्हा लागलं. मी चिरा घेऊन मागं मागं चालत होतो, दर दहा पावलांनी तो टेकवत होतो. मालकांची मान मागं वळलेली ती तशीच राहिली. माथ्यावर पोचल्यावर त्यांनी ताबडतोब इंजिन बंद केलं, लॉरी सरळ केली आणि मला शेजारी बसवलं. त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

"आता आठ मैल. दोन पेले असेल टाकीत. दोन लहान चढ आहेत, त्यांना एकेक पेला. बाकी सगळं उतारावर. आता मला ब्रेक सांगायचा नाही."

मी सांगितला नाही. दोन वर्षं ज्या गोष्टीला मी डोळे मिटत आलो होतो तीच गोष्ट उघड्या डोळ्यांनी पाहत बसलो. कुठल्या उतारावरून लॉरी किती लांब घरंगळते हे त्यांना पावलागणिक ठाऊक होतं. कुठल्या वळणावर वेग सोडायचा नाही, कुठल्या आंब्याच्या झाडापाशी सोडायचा, सगळं. मागच्या बाजूला आवाज बंद झाला होता. मी मागं वळून पाहिलं नाही. सासूबाई मधून मधून "आहे, आहे" एवढंच म्हणत होत्या. दुसऱ्या चढाच्या माथ्यावर इंजिन आपण होऊन बंद पडलं, आणि शहरात आम्ही घरंगळतच शिरलो. मालक "हो हो हो हो" ओरडत होते आणि माणसं बाजूला होत होती. इस्पितळाच्या अलीकडे सपाटीवर लॉरी थांबली. तिथून रस्त्यावरच्या चार माणसांनी आणि मी ती ढकलत फाटकात नेली. दिवे लागायला थोडा वेळ होता.

बायको वाचली. मुलगी झाली, तीही वाचली. डॉक्टर हात पुसत बाहेर आले आणि म्हणाले, "आणखी उशीर करून चाललं नसतं." मी त्या रात्री हिशेब केला. डबा घेतला असता तर अर्धा तास गेला असता. चढणीवर बंद पडणं, दगड टेकवत चढणं आणि शेवटी ढकलणं यात चाळीस मिनिटं गेली. मी दहा मिनिटं गमावली होती, आणि तीही दरीच्या काठावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक अंघोळीला गेले असताना मी कचेरीतली पितळी पाणसळ आणून खळ्यात ठेवली. बुडबुडा मधे थांबला नाही. कोकणातल्या कुठल्याही खळ्याला उतार असतो. पावसाचं पाणी घराकडे न येता बाहेर जावं म्हणून तो मुद्दाम ठेवतात. हे कुठल्याही गवंड्याला ठाऊक असतं. आमची लॉरी घराला लागून उभी राही, टाकीचं तोंड घराच्या म्हणजे उंच बाजूला. पेट्रोल पलीकडे उताराला जाई आणि पट्टी बुडे तिथं नेहमी उथळ असे. त्या उथळपणावर मी वीस खाचा पाडल्या होत्या. खळ्यात त्या खऱ्या होत्या. सपाट जागी तेवढंच पेट्रोल तोंडाशी जास्त खोल दिसे, आणि माझी पट्टी अर्धा गॅलन जास्त सांगे. साऱ्या जिल्ह्याची जमीन पाणसळीनं तपासणाऱ्या कचेरीतला मी माणूस. ज्या जागेवर रोज उभा राहत होतो तिची पाणसळ मी कधी पाहिली नव्हती.

मालक अंघोळ करून आले तेव्हा पाणसळ मी पिशवीत घातली होती.

"काठी चुकली कशी हो?" त्यांनी विचारलं.

"चढणीवर जास्त लागलं असेल," मी म्हणालो. "माणसंही जास्त होती."

"असेल," ते म्हणाले.

त्यानंतर ते सीटमागं दोन गॅलनचा भरलेला डबा घेतल्याशिवाय खळ्यातून निघाले नाहीत. ब्रेकही आवळून घेतले. पट्टी आता तेच बुडवीत, मी तिला हात लावत नसे. लॉरी सतरा मैलांवर आली आणि पुन्हा कधी एकोणीस झाली नाही. रोज सकाळी तो डबा उचलून ठेवताना मी त्यांना पाहत असे आणि रोज मनात येई, आज सांगावं. माझ्या चुकीचं ओझं तो माणूस लॉरीतून वाहत होता, आणि ते वाहायलाही पेट्रोल लागत होतं. मी सांगितलं नाही. उतारांची जी भीती होती तिच्याहून ही सांगायची भीती वाईट होती, कारण हिला माथा किंवा पायथा काहीच नव्हतं. एकदा फक्त म्हणालो, "काका, आता डबा कशाला?"

ते माझ्या मुलीला कडेवर घेऊन उभे होते. "मला भीती वाटली होती हो त्या दिवशी," ते म्हणाले. "इतकी कधी वाटली नव्हती."

माझी बदली झाली त्याच वर्षी त्यांनी लॉरी विकली. सामान बांधताना ते आमच्या खोलीत आले आणि ती बांबूची पट्टी माझ्या हातात ठेवली. "तुमची वस्तू. नव्या मालकाला मापाचं काही पडलेलं नाही." मी ती ट्रंकेत तळाशी टाकली. मला ती पाहवत नव्हती.

पुढं कित्येक वर्षांनी, ते गेल्याचं पत्र आलं त्या दिवशी, मी पट्टी बाहेर काढली. एका बाजूला माझ्या वीस खाचा होत्या. दुसरी बाजू मी कधी उलटून पाहिली नव्हती. तिच्यावरही वीस खाचा होत्या, माझ्या खाचांहून प्रत्येकी थोड्या वर, वेड्यावाकड्या, पण काळजीपूर्वक पाडलेल्या. पेट्रोलनं आणि हाताळून त्या काळ्या पडल्या होत्या, म्हणजे जुन्या होत्या, त्या दिवसानंतर लगेचच्या. माझ्या बाजूला वरच्या टोकाशी त्यांनी चाकूनं कोरलं होतं, "खळे". आणि त्यांच्या बाजूला, "सपाट".